जोत्यावरची काळी माती

माझ्या हातून एक भिंत ओली झाली आणि तो आळ मी एका बाईवर जाऊ दिला. घडलं ते एवढंच. आपल्या चुकीची गोष्ट दुसऱ्यानं सांगितली की तो तिला मीठमसाला लावतो, म्हणून मीच सांगतो.

मी पुंजाराम गवंडी, राहणार अमरावती. माझा बाप भगवंत गवंडी. त्यानं हात लावलेली भिंत पडली असं आजवर कुणी म्हटलं नाही, आणि हे मी लहानपणापासून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं, की मला त्याचा अभिमान कमी आणि धाक जास्त वाटायचा.

अठराशे त्रेसष्ट सालचा उन्हाळा होता. सातासमुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात भाऊबंदकीची लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की माणसं येडी झाली. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या बसवायचा. अमरावतीच्या पेठेत गाड्यांची अशी दाटी, की पायी माणसानं जावं कुठून? गाडीवान तर असे चढेल झाले होते, की जावयासारखी त्यांची मनधरणी करावी लागे.

अमरावतीपासून तीन कोसांवर सूर्यभान पाटलाचं घर. घर जुनं, साठ-सत्तर वर्षांचं. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. इतक्या वर्षांत त्या घरानं ओल म्हणून पाहिली नव्हती. पाटलाला हवं होतं एवढंच, की कापसाची गाडी मागच्या अंगणातून थेट मागच्या दारापर्यंत यावी, म्हणजे उंबऱ्यावरूनच माल आत टाकता येईल. मागचं अंगण होतं खोलात. ते भरून दारापर्यंत चढण करायची, हे काम माझ्याकडे आलं.

भर घालायचा तो मुरमाचा. मुरमाची खाण दोन कोसांवर, आणि गाडी तर एकही मिळेना. आठ दिवस मी गाडीवानांच्या दारात खेटे घातले. पाटील इकडे घाई करून राहिले होते, कारण वेचणी तोंडावर नसली तरी जुना माल यायचा होता. शेवटी घरामागच्याच शेतातली काळी माती मजूर बायांच्या डोक्यावरून आणली आणि टाकली. तीही भिंतीपासून हात राखून नाही, थेट भिंतीला चिकटवून, जोत्याच्या वर दीड हात. पाटलांनी विचारलंही होतं, काळी माती चालते का म्हणून. मी म्हणालो, चालते, पाटील, न चालायला काय झालं.

चालत नाही. गवंड्याच्या पोराला हे दूध पितानाच कळतं. काळी माती पाणी पिते आणि धरून ठेवते, म्हणून तर तिच्यात कापूस येतो. बाप म्हणायचा, काळीचं काम शेतात, पांढरीचं काम घरात, अन् भिंतीचे पाय कधी झाकू नको. मी पाय तर झाकलेच, गुडघ्यापर्यंत झाकले. बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. असता तर त्यानं थापीनं माझं डोकं फोडलं असतं.

त्या पावसाळ्यात भिंत ओली झाली. आधी खाली काळपट पट्टा उमटला, मग तो वर चढत गेला, मग चुन्याचा गिलावा फुगून पोपडे पडू लागले. भिंतीच्या आतल्या बाजूला पाटलाचा मुलगा पंजाबराव आणि सून जमुना यांची खोली होती. खोलीला लागून कोपऱ्यात न्हाणी. पेटाऱ्यातली लुगडी बुरसली, पांघरुणाला वास येऊ लागला. जमुनानंच पहिल्यांदा सासूला सांगितलं की भिंत रडून राहिली. सासू दुर्गाबाई म्हणाली, तू धबाधबा पाणी ओततेस न्हाणीत, मग भिंत रडणार नाही तर हसणार?

पौषात मला बोलावणं आलं. गेलो. ओल कुठून आली हे शोधायची आमच्या घराण्याची एक रीत आहे. भिंतीच्या भेगांत खालून वर, वीतवीतभर अंतरानं पिंजलेल्या कापसाचे बोळे खोचायचे, एक दिवस एक रात्र तसेच ठेवायचे. मग काढून पिळायचे आणि पिळून चाटायचे. वरचा बोळा जास्त ओला तर पाणी छपराचं. न्हाणीच्या अंगचे बोळे ओले तर पाणी न्हाणीचं, आणि ते चवीला अळणी लागतं. खालचे बोळे सगळ्यांत ओले आणि जिभेला खारट लागले तर पाणी जमिनीतून चढलं, मातीतला खार घेऊन.

मी बोळे खोचले. दुसऱ्या दिवशी काढले. न्हाणीच्या अंगचे कोरडे ठणठणीत होते. मागच्या बाजूचे, माझ्या मातीच्या बाजूचे, खालचे चार बोळे पिळताच बोटांवरून पाणी ओघळलं. मी जीभ लावली. मीठ खाल्ल्यासारखं खारट.

मी वर पाहिलं तर खोलीत सगळं घर जमलेलं. पाटील दारात उभे. दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून. पंजाबराव खांबाला टेकून, नेहमीसारखा गप्प. तो माणूस बैलाशी बोलायचा तेवढंच माणसांशी बोलायचा. शेजारची दोन-चार माणसंही आली होती, कारण दुसऱ्याच्या घरातली ओल कुणाला पाहायला आवडत नाही? आणि आतल्या दाराआडून जमुनाचा आवाज आला. ती सासूला सांगत होती, पण ऐकवत होती मला.

"दिवाळीपासून मी न्हानीत न्हात नाही, आत्याबाई. विहिरीवर न्हाते. न्हानी कोरडी हाय, हात लावून पाहा."

दुर्गाबाई म्हणाली, खोटं बोलते. पाटलांनी मला विचारलं, "काय निघालं, पुंजाराम?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला त्या चार शेजाऱ्यांची तोंडं दिसली. भगवंताच्या पोरानं पाटलाची भिंत नासवली, हे अमरावतीला पोचायला दोन दिवसही लागले नसते. आणि सगळीकडे बांधकामं निघाली होती, हातातली चार कामं गेली असती. माणूस मोठ्या पापाला मोठं कारण शोधतो. माझं कारण एवढंच होतं. मी बोळे मुठीत घट्ट आवळले.

"न्हानीचंच पानी हाय, पाटील," मी म्हणालो.

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर फाशी देणाराच चोर होता.

मग मी न्हाणी फोडली. होय, फोडली, खोटं बोललेल्या माणसाला खोट्याचं कामही करावं लागतं. न्हाणी तिथून काढून गोठ्याजवळ नेली, जुन्या जागी दगड घट्ट बसवले, खोलीतला गिलावा काढून नवा चुना लावला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. नवा गिलावा उन्हाळाभर असा पांढराशुभ्र दिसला की पाटलांनी खूश होऊन मला पागोटं बांधलं. ते पागोटं मी आजवर एकदाही डोक्यावर घातलं नाही.

आणि मी अकोल्याला पळालो. काम मिळालं म्हणून गेलो असं मी घरी सांगितलं. काम होतंच, अकोल्यात कापूस ठेवायच्या वखारी बांधायला गवंडी पुरत नव्हते. पण अमरावतीतही काम होतं. मी तिथं जोती अशी उघडी ठेवायचो, भर इतका राखून घालायचो, की मालक हसायचे. रोज एका भिंतीचे पाय उघडे ठेवून मी त्या दुसऱ्या भिंतीची भरपाई करत होतो. तिकडे ओल काही कमी होणार नव्हती.

चौसष्टच्या दिवाळीनंतर शेषराव गाडीवान अकोल्याला माल घेऊन आला. तो सूर्यभान पाटलाच्याच गावचा. त्यानं बोलता बोलता सांगितलं, की पाटलाची भिंत पावसाळ्यात पुन्हा ओली झाली, पहिल्यापेक्षा वर चढली. न्हाणी हलवली तरी ओल जात नाही म्हटल्यावर दुर्गाबाईनं ठरवलं की ही सूनच पांढऱ्या पायाची. जमुनाला माहेरी तिवशाला पाठवलं. आता अचलपूरकडची एक मुलगी पंजाबरावासाठी पाहून राहिले, पुढच्या वर्षी बोलणी. शेषराव हे सगळं तंबाखू मळत सांगत होता, आणि मी हातातली वीट खाली ठेवायची विसरलो होतो.

मला त्याच दिवशी निघायला हवं होतं. निघालो नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेलो, आणि तेही सरळ नाही. तोवर ती सातासमुद्रापलीकडची लढाई संपली होती, कापसाचा भाव कोसळला होता, गाड्यांना कुणी विचारत नव्हतं. मला आयतंच निमित्त सापडलं. पाटलांना म्हणालो, आता मागच्या दारापर्यंत गाडी आणायची गरज काय? ती चढण काढून टाकतो, अंगण पहिल्यासारखं मोकळं होईल, मजुरी नको. पाटील भाव पडल्यानं खचलेले. म्हणाले, कर तुझ्या मनासारखं.

मी एकट्यानं ती माती काढली. भिंतीला चिकटलेली माती वैशाखातही आतून गार आणि चिकट होती. फावड्याला लोण्यासारखी यायची. जोतं उघडं केलं. जोत्यालगत हातभर रुंद चर खणला, त्यात दगडगोटे आणि वर मुरूम भरला, अंगणाचा उतार घरापासून लांब काढला. आतला गिलावा छातीभर उंचीपर्यंत खरवडून काढला आणि भिंत उघडीच ठेवली, कारण ओल्या भिंतीला चुना लावणं म्हणजे जखमेवर रेशमी फडकं बांधणं. भिंतीला श्वास घेऊ द्यावा लागतो. हे सगळं मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

माझा हिशेब असा, की भिंत सुकेल, घरचे आनंदतील, सुनेला घेऊन येतील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी गुपचूप चूक निस्तरली म्हणजे झालं.

पासष्टचा पावसाळा आला आणि गेला. भिंत कोरडी राहिली. कार्तिकात मी गिलावा करायला गेलो तेव्हा दुर्गाबाईनं मला हातानं भिंत चापटून दाखवली. तिचा चेहरा उजळलेला होता.

"पाहा, पुंजाराम. ते गेली अन् भिंत सुकली. मी म्हनत नव्हती का?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी भिंत दुरुस्त केली आणि तीच भिंत जमुनाच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली. अचलपूरची मुलगी नक्की झाली होती, पानसुपारी पुढच्या सोमवारी. मी चुना कालवत होतो. मी घमेलं तिथंच ठेवलं आणि ओसरीवर जाऊन पाटलांच्या पुढ्यात बसलो. पंजाबराव बैलाची वेसण वळत बसला होता. दुर्गाबाईलाही मी बाहेर बोलावलं.

आणि सांगितलं. मुरूम मिळाला नाही इथपासून बोळे खारट लागले इथपर्यंत. सांगताना मी जमिनीकडेच पाहत होतो. सांगून झाल्यावर वर पाहिलं, तर पाटील मिशीवरून हात फिरवत होते आणि दुर्गाबाई माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत होती. ती म्हणाली, तुला तिची दया आली, चांगला माणूस आहेस, पण दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊ नये.

मला संताप आला. खोटं बोललो तेव्हा एका शब्दावर पटलं, आणि आता खरं बोलतो तर दया!

"ठीक हाय," मी म्हणालो, "ते काळी माती मी परत टाकतो. जशी होती तशी, जोत्याच्या वर दीड हात. येत्या पावसात भिंत ओली झाली का नाही ते पाहा. अन् सून घरात नसताना होईन, मंग तं पटन?"

दुर्गाबाईनं मान वळवून आत पाहिलं. तिचा हात नकळत मागच्या भिंतीकडे गेला, आणि मी पाहिलं की तिला पटलं आहे. पाटील म्हणाले, नको, सुकलेली भिंत कशाला नासवायची, झालं ते झालं. दोघांनाही खरं कळलं होतं, पण एक वर्ष सुनेला बाहेर काढल्याचं ओझं उचलण्यापेक्षा भिंत कोरडी आहे यातच त्यांना समाधान होतं. मी त्यांना काय नावं ठेवू? मीही दोन वर्षं तेच केलं होतं.

पंजाबरावानं वेसण खाली ठेवली. उठला, गोठ्यात गेला आणि दमणी, माणसं न्यायची हलकी गाडी, जुंपू लागला. आई काय म्हणते ते त्यानं ऐकलं नाही. मला म्हणाला, "बसा. तिवशाले जाऊ. तिच्यापुढं तुमीच सांगा."

तिवशाला जमुनाची आई पार्बताबाई आम्हाला पाहून घाबरली. तिला वाटलं सोडचिठ्ठीच आली. जमुना पाय धुवायला पाणी घेऊन आली. वर्षात तिचे गाल आत गेले होते. तिनं आधी आमच्या पायांखाली परात ठेवली आणि मग तांब्यातून बारीक धार धरली. उघड्या अंगणात, कुठली भिंत जवळ नसताना. एक थेंब परातीबाहेर उडाला तर तिनं वाकून पदरानं तो टिपला. मी पार्बताबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, आल्यापासून हे असंच आहे, दोन तांब्यात न्हाते, आम्ही किती सांगितलं.

पंजाबराव माझ्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा सगळं सांगितलं, तिच्यासमोर. ती परात हातात धरून उभी होती.

"बोळे पिळले तवाच तुमाले माहीत होतं?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "तवाच."

तिनं परात खाली ठेवली. मग म्हणाली, "मी म्हनत होती का न्हानी कोरडी हाय. पन तुमी सांगतलं तवा मले वाटलं, येवढा जानता मानूस कसा चुकन? मंग माह्याच हातून सांडत असन अन् मीच इसरत असन. सकायी उठून मी न्हानीत हात फिरवू फिरवू पाहो. कोरडी लागे, तरी वाटे, आपला हातच खोटा हाय. पुंजारामजी, लोक बोलले त्याचं काही नाही. तुमी मले माह्यावरच भरोसा ठेवू देला नाही."

मी कपाळ जमिनीला टेकलं. तिनं उठा म्हटलं नाही.

पंजाबराव तिला म्हणाला, चल घरी. ती त्याला म्हणाली, "तुमी बी रोज पाहत होते मले विहिरीवर न्हाताना. तुमी काहून गप राह्यले?" तो रडत होता, उभ्याउभ्याच. शेवटी ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. तिला नावं ठेवली गेली ती ओसरीवर नाही, गावच्या विहिरीवर, बायांमध्ये. तिथं मी सांगायचं. ते झाल्याशिवाय ती घराचा उंबरा ओलांडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि दिवस कलताना गावाशी पोचलो. विहिरीवर पाणी भरायला बाया आलेल्या. त्या वेळी पुरुष तिकडे फिरकत नाही. जमुना दमणीतच बसून राहिली. मी खाली उतरून विहिरीशी गेलो, तसे पदर पुढं ओढले गेले आणि बोलणं थांबलं. मी भिंतीचं सांगितलं, मातीचं सांगितलं, न्हाणीचं सांगितलं. बापाचं नाव घेऊन सांगितलं, म्हणजे ऐकण्यात चूक व्हायला नको.

सगळ्यांत म्हातारी तानुबाई काठावर बसली होती. तिनं घागर मांडीवरून खाली ठेवली.

"अन् तवा काहून नाही सांगतलं?"

मी म्हणालो, चार माणसांपुढं लाज गेली असती. कामं गेली असती.

"येवढ्यासाठी?" तानुबाईनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "येवढ्यासाठीच."

तिनं माझ्याकडे पाहायचं सोडलं आणि दमणीकडे पाहिलं. जमुना खाली उतरली. ती माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही. घराकडे ती एकटीच चालत गेली, आणि पंजाबराव बैलांचा कासरा धरून तिच्या मागे.